भोंगेवाल्याचं पोर

...नाही, तुम्हीच सांगा आता, माणसानं रस्त्यानं जायचं की नाही? धंदा करायचा की नाही? टांग्यात उभं राहून, हातात भोंगा धरून मी अख्ख्या सोलापुराला ओरडून सांगूलालोय की "आज रोजी तीन खेळ! दुपारी तीन, सायंकाळी सहा, रात्री नऊ! महिलांची बसण्याची स्वतंत्र सोय!" आणि टांगा चौकात थांबला रे थांबला की पानाच्या ठेल्यावरनं हाळी येते, "काय मल्लिकार्जुनराव, पोरगं बोललं का?" अरे, पिक्चरचं विचार की बे! हिरो कोण, मारामाऱ्या किती, शेवटी हिरॉईन जगते का मरते, ते विचार की! नाही. पोरगं बोललं का. आणि वर हसतात, दात काढून! का, तर सगळ्या गावाला बोलून बोलून थेटरात नेणारा हा भोंगेवाला, आणि याच्याच घरात पोरगं तोंड उघडेल तर शपथ!

तुम्हाला सांगतो, बोलण्यात माझा हात धरणारा माणूस या जिल्ह्यात नाही. हे मी म्हणत नाही, आमच्या थेटरचे मॅनेजर म्हणतात. साखर पेठेत टांगा शिरला की मी तेलुगुत, विजापूर वेशीत दख्खनीत, बाळीवेशीत कन्नडमध्ये, आणि टिळक चौकात आलो की अशी शुद्ध मराठी, अशी शुद्ध, की मास्तर लोक चष्मा सावरून बघतात. चार भाषा! एका घशात! टांगा हाकतो नबीसाब, तो तर म्हणतो, "मल्लूभाई, घोडा थकता, तुम थकते नै." आणि एवढ्या बोलक्या बापाच्या पोटी हा आमचा शिवयोगी. तीन वर्षांचा व्हायला आला. दिसायला देखणा, खायला वाघ, पळायला वारा... आणि बोलायला? काही नाही. बाबा नाही, पाणी नाही, हूं नाही, चूं नाही. नुसतं बघतंय. माझ्या तोंडाकडं टक लावून बघतंय, पण तोंड उघडेल तर शपथ!

तुम्ही म्हणाल, काही पोरं उशिरा बोलतात. हो, मलाही सगळ्यांनी हेच सांगितलं. पण सांगणाऱ्याच्या घरात ईश्वरप्पा नव्हता. माझा चुलता. जन्माचा मुका. असा सोन्यासारखा माणूस, पण त्याला हाक मारायची म्हणजे लोक टाळ्या वाजवायचे, पोरं खडे मारायची. लग्न झालं नाही. आणि शेवटी आजारी पडला तेव्हा कुठं दुखतंय हे त्याला सांगता येईना आणि आम्हाला कळेना. आम्ही पोट शेकत बसलो आणि दुखत होती छाती. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. माझं पोरगं माझ्याकडं तसं टक लावून बघायला लागलं की मला ईश्वरप्पाकाका दिसायचा. मी घाबरलो होतो, दुसरं काही नाही. आणि घाबरलो की मी जास्त बोलतो.

डॉक्टरकडं नेलं. त्यानं पोराच्या पाठीमागं किल्ल्यांचा जुडगा वाजवला, पोरगं गर्रकन वळलं. म्हणाला, "कान उत्तम आहेत." म्हटलं, जीभ? जीभ बघितली. "जीभही उत्तम आहे." मग अडलंय कुठं? तर म्हणाला, "वाट बघा." वाट बघायला मी काय मोटार स्टँडवर बसलोय का हो?

मग म्हटलं, बालवाडीत घालावं. चार पोरांत मिसळलं की बोलेल. गेलो. तिथल्या बाई लई शिस्तीच्या. त्यांनी शिवूला जवळ घेतलं आणि विचारलं, "बाळ, नाव काय तुझं?"

मी म्हटलं, "शिवयोगी."

बाई म्हणाल्या, "मी बाळाला विचारलं."

म्हटलं, "हो की, बाळाचंच सांगूलालोय मी. शिवयोगी मल्लिकार्जुन, राहणार..."

"बाळ, तुला काय आवडतं खायला?"

म्हटलं, "धपाटं! बाई, धपाटं आणि दही, तीन तीन खातं!"

बाईंनी माझ्याकडं असं बघितलं... जाऊ द्या. मग त्यांनी विचारलं, "घरात कुठली भाषा बोलता?" आता हा प्रश्न म्हणजे माझ्या अभिमानाचा! मी छाती काढून सांगितलं, बाई, माझी आई बोलते कन्नड, तिला दुसरं येतच नाही. बायको नातेपुत्याची, ती बोलते मराठी. भिंतीला भिंत लागून अंबव्वा, दिवसभर ओट्यावर बसून विड्या वळते, पोरगं तिच्या मांडीवर वाढलंय, ती बोलते तेलुगु. टांगेवाला नबीसाब घरचाच, तो दख्खनी. आणि मी? मी चारही! बाईंनी कपाळाला हातच लावला. "अहो, मग बरोबर आहे! एवढ्याशा डोक्यात चार भाषा कोंबल्यावर लेकरू बोलेल कसं? गोंधळ झालाय त्याचा. घरात एकच भाषा ठेवा. मराठी ठेवा. जूनपर्यंत बोलायला लागला तर आणा, घेते मी."

झालं! शिकलेल्या बाईनं सांगितलं म्हणजे ब्रह्मवाक्य. मी त्याच दिवशी संध्याकाळी अंगणात उभा राहिलो आणि भोंग्यातनं... हो, घरीच भोंगा होता, दुरुस्तीला आणलेला... भोंग्यातनं जाहीर केलं, "ऐका हो ऐका! आजपासून या घरात फक्त मराठी! कन्नड बंद! तेलुगु बंद! दख्खनी बंद! शिवूच्या कानावर मराठीशिवाय एक अक्षर पडता कामा नये!" अंबव्वानं विडीचं पान तसंच हातात धरलं. सोजर, माझी बायको, स्वयंपाकघरातनं हात पुसत आली आणि म्हणाली, "अवो, पर ऐका की, शिवू तर आज..." म्हटलं, "थांब, मला बोलू दे." आणि आमची अव्वा, नीलम्मा, पासष्ट वर्षांची बाई, ती मला म्हणते, "ननगं मराठी एल्लि बरतद?" मला मराठी कुठं येते? म्हटलं, "अव्वा, येत नसेल तर गप्प बस. नातवासाठी एवढं कर."

अव्वा गप्प बसली. मला वाटलं, वा! केवढी समजूतदार आई!

आणि मग मी कंबर कसली. काय मेहनत घेतली, तुम्हाला सांगतो! सकाळी टांग्यावर जायच्या आधी एक तास, संध्याकाळी आल्यावर दोन तास. पोराला पुढ्यात बसवायचं, हनुवटी अशी धरायची, बोट असं नाचवायचं, आणि सुरू. "म्हण, बाबा. बा... बा. म्हण की! हे बघ, ओठ असे मिटायचे, असे उघडायचे. बाबा. सोपं आहे. पाणी म्हण. पाणी. पा... णी. तहान लागली की काय मागायचं? पाणी. विहिरीत काय असतं? पाणी. दुष्काळात काय नव्हतं? पाणी!" दोन दोन तास! माझ्या तोंडाला फेस यायचा. आणि पोरगं? हनुवटी माझ्या हातात देऊन बसलेलं, डोळे एवढे मोठे, एकदा माझ्याकडं बघतंय, एकदा कोपऱ्यात अव्वाकडं बघतंय... पण तोंड उघडेल तर शपथ!

मध्येच सोजर यायची. "अवो, मी काय म्हनते..." थांब, मला बोलू दे. "अवो, दुपारी शिवू हितं..." थांब म्हटलं ना, आत्ता कुठं पोराचं लक्ष लागलंय! ती बिचारी पदर तोंडाला लावून आत जायची. मला वाटायचं रडतेय. मला काय माहीत!

मग नबीसाबनं डोकं चालवलं. "मल्लूभाई, मिठ्ठू का जूठा जाम खिलाव. जबान खुल जाती." जाम म्हणजे आपला पेरू. पोपटानं टोचलेला पेरू खाल्ला की पोरांची जीभ सुटते, हे तर आपल्याकडं सगळ्याच जातीत करतात, नवीन काही नाही. पण पोपट बोलका पाहिजे. मुक्या पोपटाचं उष्टं खाऊन काय उपयोग? तर नबीसाबच्या नात्यात गुलबानो म्हणून म्हातारी, विजापूर वेशीत राहते, तिच्याकडं पोपट. त्याची ख्याती अशी, की दारात पाऊल टाकलं की "आव, बैठो", उठलं की "फिर आव", आणि उधारी मागायला आलेल्याला अशी शिवी देतो की तो परत फिरकत नाही. म्हटलं, हाच पाहिजे!

गेलो. पेरू हातात. पिंजऱ्यापुढं उभा राहिलो. म्हटलं आधी पारख तर करू. "काय मिठ्ठू? बोल की! बोल, आव बैठो. बोल, राजा. अरे एवढं नाव ऐकून आलो तुझं. म्हण, आव. हे बघ, चोच अशी उघडायची." एक तास! घड्याळी एक तास मी त्या पिंजऱ्यापुढं उभा होतो. पोपट एका पायावरनं दुसऱ्या पायावर झाला, मान वाकडी करून माझ्याकडं बघितलं, अगदी आमच्या शिवूसारखं... पण बोलणं? हूं की चूं नाही! मी म्हटलं, "चाची, तुमचा पोपट मुका आहे." तर ती म्हातारी माझ्यावरच उखडली. "अगे, तुम जरा चुप बैठे तो वो बोलता! मेरा मिठ्ठू किसीकी बात काटता नै!"

आता बघा, माझ्यासारख्या माणसाला गप्प बस म्हणायचं! मी रागानं बाहेर जाऊन उभा राहिलो तर आतनं आवाज, "आव, बैठो." लबाड! पेरू मात्र टोचला त्यानं. तो मी रुमालात बांधून घरी आणला, शिवूला भरवला. मिटक्या मारत खाल्ला. संपल्यावर हात पुढं केला, आणखी पाहिजे म्हणून. म्हटलं, "हातानं नाही, तोंडानं माग. म्हण, पेरू." हात मागं घेतला. तोंड काही उघडलं नाही.

माघ गेला, फाल्गुन गेला, चैत्र आला. आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे, डांबर वितळतं. त्यात नवीन पिक्चर लागला, आणि त्याच दिवशी भोंग्याची बॅटरी गेली. मॅनेजर म्हणाले, "आज राहू दे." म्हटलं, "का राहू दे? मल्लिकार्जुनाला बॅटरी लागत नाही!" आणि तीन दिवस, तुम्हाला सांगतो, तीन दिवस भर उन्हात नुसत्या घशावर सोलापूर पालथं घातलं. चौथ्या दिवशी सकाळी उठलो, "सोजर, चहा" म्हणायला तोंड उघडलं तर आतनं हवा आली. नुसती हवा!

डॉक्टरनं घशात बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाला, "आठ दिवस एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही. बोललात तर हा आवाज कायमचा गेला म्हणून समजा." कायमचा! मग पुन्हा ईश्वरप्पाकाका डोळ्यासमोर. बाप मुका, लेक मुका, घरात टाळ्याच टाळ्या! घरी येऊन कॉटवर पडलो आणि भिंतीकडं तोंड केलं. टांग्यात माझ्याऐवजी नबीसाब उभा राहिला म्हणे, आणि नव्या बॅटरीच्या भोंग्यातनं एवढंच बोलला, "नवा पिक्चर है. अच्छा है. आव." थेटर फुल्ल झालं. ते जाऊ द्या.

तर तिसरा दिवस. टळटळीत दुपार. मी आतल्या खोलीत पडलोय, दार अर्धं लोटलेलं. सगळ्यांना वाटतंय मला झोप लागलीय. आणि परसातनं मला एक आवाज आला. लहान पोराचा. इतका गोड, इतका स्वच्छ... "अव्वा, हालु कोडु." आजीकडं दूध मागतंय, कन्नडमध्ये. मग भिंतीपाशी गेलं बहुतेक, "अंबव्वा, आकु इय्यि." विडीचं पान मागतंय, तेलुगुत! मग लगेच, "आई, बघ की, मांजर माझं दूध पितंय, हाण त्येला!" आणि मग आपलं आपणच काहीतरी गाणं, अर्धं या भाषेतलं, अर्धं त्या भाषेतलं, आणि खदाखदा हसणं.

मी पडल्या पडल्या ऐकतोय. आणि मला, तुम्हाला खरं सांगतो, वाईट वाटलं. हेवा वाटला. म्हटलं, कुणाचं पोरगं असेल हे? काय भाग्यवान बाप! नाहीतर आमचं बघा. पंधरा मिनिटं मी त्या बापाचा हेवा करत पडून होतो. मग उठलो, म्हटलं बघावं तरी कुणाचं आहे ते. दारातनं डोकावलो.

शिवू!

आमचा शिवू हो! मधोमध उभा राहून हातवारे करून बोलत होता, अव्वा मांडी घालून ऐकत होती, भिंतीपलीकडनं अंबव्वा हसत होती. मी माझ्याच पोराचा आवाज ओळखला नव्हता. ओळखणार कसा? कधी ऐकलाच नव्हता.

मला वाटलं ओरडावं, नाचावं, टांगा काढून गावभर सांगावं! तोंड उघडलं, हवा आली. मग मी नुसत्या टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनी शिवू वळला. मला बघितलं. आणि तुम्हाला सांगतो... त्यानं दोन्ही हात उचलले आणि स्वतःच्या तोंडावर दाबून धरले. असे. घट्ट. आणि अव्वा सवयीनं पुटपुटली, "सुम्निर मगा, अप्पा बंद." गप्प बस बाळा, अप्पा आला.

मी टाळ्यांचे हात मागं घेतले.

सोजर चौथी शिकलीय. मी शिवूची पाटी घेतली आणि लिहिलं, "कधीपासून?" तिनं पाटी वाचली, माझ्याकडं बघितलं, मी बोलू शकत नाही याची खात्री करून घेतली, खाली बसली, आणि बोलायला लागली. लग्नाला सहा वर्षं झाली आमच्या, पण सोजर सलग एवढं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं!

"कवापास्नं म्हंजे? संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रंपास्नं बोलतंय की ते! जत्रंत पाळणा बघून 'वर, वर' म्हनलं, मी तुमास्नी सांगाय आले, तर तुमी पाळन्यावाल्याचा भोंगा घिऊन त्येलाच शिकवत हुता. ज्या दिशी तुमी मराठी जाहीर केली, त्याच दिशी सकाळी त्येनं आत्याबाईंस्नी पयल्यांदा अव्वा म्हनलं हुतं. त्येच सांगाय आले हुते. मला बोलू दे, म्हनलात. लई बेस. आत्याबाईंनी ठरीवलं, माज्या ल्योकाला कानडी आयकून राग येतूय, तर ह्यो घरात असला की बोलायचं न्हाय, आन् लेकराला बी तसंच सांगितलं. आवो, तीन वर्साच्या लेकराला काय कळतंय, कंचा शबुद कानडी आन् कंचा मराठी? त्येला समदं बोलनं एकच! तुमास्नी कंचा चालंल, कंचा न्हाय चालायचा, ही भीती घिऊन ते समदंच गिळून बसतंय. तुमच्या म्होरं दोन दोन तास बसतंय, ते काय सोपं वाटलं व्हय?"

बोला आता. काय बोलणार? बोलायची सोयच नव्हती. मी माझ्या पोराला मुका होईल या भीतीनं... मीच मुका केला होता. माझ्यापुरता. सगळ्या घराला तो बोलका होता, फक्त मी एकटा मुक्या पोराचा बाप. दिवसभर विड्यांची पानं कातरत अंबव्वा ज्या आवाजाला हसायची, तो आवाज मी एकदा ऐकावा म्हणून पोपटाच्या पाया पडत होतो. त्या रात्री मी जेवलो नाही. अव्वाच्या पायाशी जाऊन बसलो तर ती म्हातारी डोक्यावर हात फिरवत राहिली, बोलली मात्र नाही. मी घरात होतो ना!

आता पुढचं ऐका. चौथा दिवस, पाचवा दिवस, मी गप्प. शिवू लांबनं बघतंय. सहाव्या दिवशी त्यानं सोजरला विचारलं, माझ्यासमोर विचारलं, "आई, अप्पाला बोलाय येत नाय?" सोजर म्हणाली, "न्हाय रं, बाळा. त्येंनी शिकलंच न्हाय. तू शिकव की."

झालं! पोरगं माझ्या पुढ्यात येऊन बसलं. माझी हनुवटी धरली, अशी. बोट नाचवलं, असं. सगळं जसंच्या तसं, कुणाचं उचललं ते सांगायला नको. "म्हन. नीर." आणि तांब्यातलं पाणी दाखवलं. "नीर. सोप्पं हाय. म्हन की!" मी नुसता ओठ हलवले. डॉक्टरचा हुकूम होता ना! त्यानं सुस्कारा सोडला, माझ्या गालावर हात फिरवला आणि म्हणाला, "असू दे. उद्या म्हन." तुम्हाला सांगतो, मी कधी त्याला 'असू दे' म्हटलं नव्हतं.

सातवा दिवस, आठवा दिवस, शिकवणी चालू. नवव्या दिवशी डॉक्टर म्हणाला, "बोला आता." मी म्हटलं "बोलू?" आवाज खणखणीत! रस्त्यानं येताना डोक्यात नुसती गर्दी झाली. अव्वाला काय म्हणायचं, सोजरला काय, बाईंना काय सुनवायचं, आठ दिवसांचं तुंबलेलं! दारात पाऊल टाकलं तर शिवू वाट बघत बसलेला. तांब्या घेऊन. हनुवटी धरली. "म्हन. नीर."

आणि मी म्हटलं, "नीर."

अहो, काय तो आनंद! पोरगं ताडकन उडालं, "अप्पा बोलला! अप्पा बोलला!" करत गल्लीत पळालं, अंबव्वाला तेलुगुत सांगितलं, अव्वाला कन्नडमध्ये, नबीसाबच्या घोड्याला सुद्धा सांगितलं. अव्वा पदरानं डोळे पुसत पटापटा बोलायला लागली, तीन महिन्यांचं साठलेलं. आणि मला राहवलं नाही. मी तोंड उघडलं, "अरे व्वा रे माझ्या वाघा, आता ऐक, आज मी तुला अशी गंमत सांगतो की..." पोराचं तोंड मिटलं. हात वर यायला लागले, तोंडाकडं. अव्वाही थांबली. मी वाक्य तिथंच तोडलं. गिळलं. आणि हळूच म्हटलं, "नीर." हात खाली आले.

तेव्हापासून, तुम्हाला सांगतो, घरात हा नियम आहे. जाहीर कुणी केला नाही, पण आहे. शिवू जेवढे शब्द शिकवील तेवढेच मी घरात बोलायचे. आधीचा शब्द नीट घोटून झाल्याशिवाय पुढचा देत नाही, लई कडक मास्तर आहे. दीड महिन्यात सतरा झालेत. काही कन्नड, काही मराठी, दोन तेलुगु. जूनमध्ये त्याला बालवाडीत नेलं. बाईंनी विचारलं, "नाव काय बाळ?" मी ओठ आवळून उभा. त्यानं आपलं नाव, माझं नाव, आडनाव, पेठ, अंबव्वाच्या मांजराच्या पिलांची नावं, सगळं सांगितलं. बाईंनी माझ्याकडं बघितलं, "अहो, तुम्ही काही बोला की!" तर शिवू माझा हात धरून म्हणाला, "त्येंना अजून येत नाय. शिकवूलालोय मी."

म्हणून तर तुम्हाला धरून बसलोय! दिवसभर भोंग्यावर ओरडायचं, मध्ये कुणी ऐकणारा भेटला तर त्याला सांगायचं, आणि उंबऱ्याच्या आत सतरा शब्द. त्यात भागवायचं. सोजर खूश आहे, अव्वा खूश आहे. कालचीच गोष्ट. रात्री जेवायला बसलो, शिवू मांडीवर, त्याची दिवसभराची कहाणी चाललेली. पहिला घास घेतला. आमटीत मीठच नव्हतं. सोजरकडं बघितलं, ती पोराचं ऐकण्यात दंग. हाताची बोटं मोजली. नीर झालंय, दूध झालंय, पान झालंय, मांजर झालंय.

मीठ अजून व्हायचंय. खाल्ली अळणीच.